असा टंचाई पडला

पारनेरच्या पेठेत राधाकृष्ण शेठचा छापखाना होता. लग्नपत्रिका, पावतीपुस्तकं, जत्रेची हँडबिलं, सोसायटीचे अहवाल, असली कामं तिथं व्हायची. पायानं हाणायचं एक ट्रेडल छपाईयंत्र, कागदाचे गठ्ठे, शाईचा वास, आणि भिंतीला टेकवलेल्या लाकडी पेट्यांपुढं दिवसभर उभी असलेली छबूबाई. त्या पेट्यांच्या बारीक खणांत शिशाचे खिळे असायचे, एका खिळ्यावर एक अक्षर. ते वेचून ओळ लावायची, ओळीखाली ओळ लावून पान बांधायचं, हे तिचं काम. हे काम करणाऱ्याला जुळारी म्हणतात. बाई जुळारी तालुक्यात दुसरी नव्हती, त्यामुळं तिला काय म्हणायचं हे कुणाला ठरवता येईना. शेवटी पेठेतली माणसं ‘शिशाची बाई’ म्हणायला लागली. तिला ते नाव आवडायचं.

ती आली होती झाडलोट करायला. शिक्षण चौथीपर्यंत. छापून झालं की पान सोडून एकेक खिळा आपापल्या खणात परत टाकायचा असतो. ते कंटाळवाणं काम जुन्या जुळाऱ्यानं तिच्या गळ्यात मारलं आणि टाकता टाकता तिच्या हाताला सगळे खण पाठ झाले. पुढं तो जुळारी पुण्याच्या मोठ्या छापखान्यात निघून गेला. शेठ डोक्याला हात लावून बसले, तर ही म्हणाली, “मी लावते की.”

“तुम्ही?”

“का? खिळ्यांना बाईचा हात चालत न्हाई का?”

शेठ स्वभावानं मऊ. त्यांनी एक पत्रिका लावून बघायला सांगितली, आणि त्यानंतर दुसरा जुळारी शोधायची वेळच आली नाही. शिशावरची अक्षरं उलटी असतात, आरशात दिसावीत तशी. छबूबाईला सवय अशी झाली की पुढं पुढं सुलट अक्षरं वाचायलाच तिला किंचित थांबावं लागे. तोंडानं मात्र ती फटकळच राहिली. आपली पत्रिका कधी होणार म्हणून कुणी तिसऱ्यांदा विचारलं, की ती मान वर न करता म्हणायची, “घाई नवरदेवाला हाय का तुमाला?”

बहात्तरचा पावसाळा कोरडा गेला. त्याच्या आधीचाही तसाच होता. छबूबाईच्या रानातली बाजरी वीतभर येऊन करपली आणि दिवाळीला विहिरीचा तळ उघडा पडला. बैलजोडी तिनं कोल्हारला बहिणीकडं नेऊन बांधली. प्रवरेच्या काठाला तेव्हा अजून काहीतरी हिरवं दिसत होतं. तिचा नवरा सहादेव कौठेदऱ्याच्या तलावावर माती उचलायला गेला. अख्खी गावं तिथं उतरली होती, उघड्या माळावर पालं टाकून. बाजारच्या दिवशी तो पारनेरला खोलीवर यायचा, पिशवीत रेशनवरची लाल मिलो ज्वारी घेऊन. तिची भाकरी थापता थापता चिरायची. सहादेव मूळचाच अबोल, त्या वर्षी तर त्यानं बोलणं सोडूनच दिलं होतं. तळहात तेवढे तो तिच्यापुढं धरायचा आणि ती त्यांना गोडंतेल चोळायची.

त्र्याहत्तरचा उन्हाळा तोंडावर आला तेव्हा त्या तलावाची भिंत पुरी झाली. पाणी नव्हतंच, पण भिंत होती. तलावाच्या कामावर देखरेख करणाऱ्या समितीनं समारंभ ठरवला, मुंबईहून बडे पाहुणे येणार होते. समितीचे चिटणीस गहिनीनाथराव. चाळिशीचा, धावपळ्या माणूस, पुढच्या निवडणुकीवर डोळा ठेवून असलेला. त्यांनी शेठकडं स्मरणिकेचं काम आणलं. तलावाची हकिगत, पुढाऱ्यांचे संदेश, आणि शेवटी ‘कामावरचे बोल’ म्हणून मजुरांचं बोलणं. कामावरच्या शाळामास्तरानं ते पालापालांत बसून उतरवून घेतलं होतं, ज्याच्या तोंडचं तसंच.

छबूबाईनं इतकी वर्षं दुसऱ्यांची लग्नं आणि दुसऱ्यांचे हिशेब जुळवले होते. हे पहिलंच काम की ज्यातलं बोलणं तिच्या घरातलं होतं. एक रंगुबाई नावाची म्हातारी म्हणत होती, ‘माज्या जल्मात असा दुष्काळ पडला न्हाई. बाप सांगायचा त्यो बी एवढा मोठा नव्हता.’ हे लावताना छबूबाईनं ओळ हातातल्या जुळणीच्या पट्टीत तशीच धरून ठेवली आणि शेठला हाक मारली. “शेठ, ही बाई बगा. कशी बोललीय.”

पानं लागली, कच्चे छाप गहिनीनाथरावांकडं गेले. समारंभाच्या आदल्या दिवशी सकाळी ते स्वतःच छापखान्यात आले. जीप दारात चालूच ठेवली होती.

“सगळं पास आहे,” ते शेठना म्हणाले. “फक्त एक शब्द काढायचा. दुष्काळ. तो कुठंही दिसता कामा नये. त्याच्या जागी टंचाई.”

शेठ म्हणाले, “अख्ख्या पुस्तकात?”

“अख्ख्या. वरून निरोप आहे. सरकारी कागदात टंचाईच म्हणतात. उद्या पाहुण्यांच्या हातात पडणार आहे ते.”

छबूबाई पेटीपाशीच उभी होती. तिनं विचारलं, “का वो? दुष्काळाला काय झालं?”

गहिनीनाथरावांनी तिच्याकडं पाहिलं. ते वाईट माणूस नव्हते, समजावून सांगायला लागले. “हे बघ बाई, दुष्काळ म्हटलं की बोभाटा होतो. माणसं मेली का, उपाशी राहिली का, विचारणा होते. टंचाई म्हणजे कमी पडलंय, आम्ही पुरवतोय. कळलं?”

“माज्या हिरीत कमी न्हाई पडलेलं. न्हाईच हाय. त्याला काय म्हनू?”

“घरात काय म्हणायचं ते म्हण. छापायचं टंचाई.”

“आन् रंगुबाईच्या तोंडातलं? ती तर टंचाई म्हनलीच न्हाई.”

“तिला वाचता येतं का?” गहिनीनाथराव म्हणाले, आणि जीपकडं वळले. मग पुन्हा मागं आले. “आणि शेठ, नीट ऐका. तेवढा एकच शब्द. बाकी एका अक्षराला हात लावायचा नाही. वरच्यांनी वाचून सही केलेला मजकूर आहे, काही इकडचं तिकडं झालं तर मला जाब द्यावा लागेल.”

जीप गेली. छबूबाईनं कमरेचं शाईचं फडकं सोडलं, दगडी टेबलावर टाकलं आणि म्हणाली, “मी न्हाई करत.”

शेठ तिच्यामागं दारापर्यंत आले. समितीचं काम गेलं तर छापखान्यात काय राहतं, हे ते सांगत होते. आपली नजर आता शिशावर ठरत नाही, हेही सांगत होते. ती थांबली नाही. पेठेतून खाली उतरली, ओढ्याच्या पुलापर्यंत गेली. ओढ्यात नुसता दगडगोटा होता. पुलाखाली बायका झिरा उकरून वाटीवाटीनं पाणी भरत होत्या, एकीची घागर भरेपर्यंत बाकीच्या उकिडव्या बसून.

तिथं उभं राहून तिचा राग निवला नाही, उलट नीट पेटला. आपण केलं नाही तर शेठ नगरहून कुणीतरी आणतील, हे तिच्या ध्यानात आलं. तो माणूस कुणी तरबेज जुळारी असणार. तो शब्द बदलेल आणि मागचंपुढचंही सारखं करून टाकील. ‘अशी टंचाई पडली न्हाई’, ‘एवढी मोठी नव्हती’. गुळगुळीत. रंगुबाई काय बोलली होती, याचा मागमूससुद्धा उरणार नाही.

आणि गहिनीनाथराव तर म्हणाले होते, बाकी एका अक्षराला हात लावायचा नाही.

ती ओठातल्या ओठात एकदा म्हणाली, “असा टंचाई पडला न्हाई.” वाटी हातात घेतलेल्या एका बाईनं वर पाहिलं.

छबूबाई परत आली तेव्हा शेठ चष्मा नाकावर ओढून कच्च्या छापावर पेन्सिलीनं खुणा करत बसले होते. “करते,” ती म्हणाली. “पर गहिनीनाथराव म्हनले तसंच करीन. अक्षराला अक्षर.”

“तसंच करा बाई,” शेठ म्हणाले. त्यांना एवढं हायसं वाटलं की त्यांनी पुढं काही विचारलं नाही.

आता शब्द शोधायचा होता. शेठच्या खुणा तिनं बाजूला ठेवल्या. कागद वाचत गेलं की माणूस मजकुरात ओढला जातो आणि शब्द हातचे सुटतात, हे तिला ठाऊक होतं. शेठचंही तेच झालं होतं. रंगुबाईच्या पानावर तर ते रंगून गेले होते, खूण एकही नव्हती. छबूबाईनं बांधलेली पानं टेबलावर मांडली आणि उलट्या शिशावरून नजर फिरवायला लागली, न वाचता. शब्द बघायचाच नाही, त्यातलं एक हाड धरायचं. तिनं धरला अर्धा ष आणि त्याला चिकटलेला का. असा जोड मराठीत थोड्या ठिकाणी येतो. मागं दु असो, पुढं ळ, ळी, ळात, ळानं काहीही असो, ते दोन खिळे शेजारी आले की नजर तिथं अडते. अडली की मग मागचंपुढचं बघायचं.

‘पुष्कळ’ आला. तिथं का नव्हता, नुसता क. सोडला. ‘शुष्क’ही तसाच सुटला. मग एका ठिकाणी जोड बरोबर तोच, पुढं ळसुद्धा, आणि ती चिमटा लावणार तोच तिला मागं दु दिसेना. ‘निष्काळजी’. कुणा मजुरानं म्हटलं होतं, ‘निष्काळजी मानसं हायेत, पानी तीन दिसानं आनत्यात.’ छबूबाई एकटीच हसली. हा शब्द काढायला कुणी सांगितलं नव्हतं. तिनं त्याला बोटसुद्धा लावलं नाही.

‘दुष्काळी’, ‘दुष्काळात’, ‘दुष्काळानं’ सापडत गेले. तेवढ्यावर भागणार नव्हतं. मास्तरानं माणसांच्या तोंडचं लिहिलेलं, त्यात कुणाचा ‘दुश्काळ’ होता, कुणाचा ‘दुस्काळ’, कुणाचा साधा ‘दुकाळ’. म्हणून दुसऱ्या फेरीला तिनं हाड बदललं. सुरुवातीला दु, शेवटाला काळ, मध्ये काय वाटेल ते. ‘सकाळ’ आणि ‘सुकाळ’ गळले, बाकीचे हाताला लागले. तिसरी फेरी ओळींच्या टोकांची. ओळ संपताना शब्द मोडला असेल तर ‘दुष्’ वर राहतो आणि ‘काळ’ खालच्या ओळीला जातो, त्यांना एकत्र धरणारं काहीच नसतं. तिनं प्रत्येक पानाची कड बोटानं चाचपली. असे मोडलेलेही निघाले.

एकही सोडायचा नाही, असा तिनं हट्ट धरला होता. एखादा राहिला असता तर ती चूक दिसली असती, आणि तिला चूक करायची नव्हती.

चिमट्यानं शब्द उचलायचा, ‘टंचाई’ बसवायची, उरलेली जागा कोऱ्या खिळ्यांनी भरायची. ‘दुष्काळात’ची ‘टंचाईत’ झाली, ‘दुष्काळी कामे’ची ‘टंचाई कामे’. त्यात काही खटकत नव्हतं. पण मागं ‘मोठा’ होता तिथं ‘मोठा’च राहिला. पुढं ‘पडला’ होता तिथं ‘पडला’च.

दुपारी शेवटचा छाप काढून तिनं शेठपुढं ठेवला. शेठ वाचत गेले आणि दुसऱ्याच पानावर थबकले.

“छबूबाई, हे ‘भीषण टंचाई पडला असता’ काय आहे?”

“शब्द बदलला.”

“अहो, पण टंचाई पडली पाहिजे ना!”

“पडलाला हात लावू नका म्हनले. तुमच्या म्होरंच म्हनले.”

शेठनी पान उलटलं, आणखी एक उलटलं. शेवटी रंगुबाईचं बोलणं आलं. ते त्यांनी हळू आवाजात वाचलं, पुन्हा वाचलं. छबूबाई समोर हात बांधून उभी होती, आता हे मला सारखं करायला सांगणार आणि मी पुन्हा फडकं सोडणार, असं ठरवून. शेठनी चष्मा काढला, घडी करून खिशात ठेवला.

“मला चष्म्याशिवाय दिसत नाही,” ते म्हणाले, आणि चाचपडत छापावर सही केली. “घ्या मशीनवर.”

समारंभाला ती गठ्ठ्यांबरोबर टेम्पोत बसून कौठेदऱ्याला गेली. भिंतीच्या पायथ्याला मांडव होता, खुर्च्या होत्या. मजूर उन्हात, भिंतीच्या उतरणीवर बसवले होते. सहादेव घमेलं पालथं घालून त्यावर बसला होता. ती त्याच्या शेजारी जाऊन बसली. मांडवात स्मरणिका वाटल्या गेल्या, काही उतरणीवरही आल्या. सुरुवातीला कुणाचं लक्ष नव्हतं. हारतुरे झाले. मग गहिनीनाथराव ध्वनिक्षेपकापुढं आले आणि म्हणाले, आपल्या कष्टकरी भगिनी रंगुबाई यांचे बोल मी पाहुण्यांना वाचून दाखवतो.

त्यांनी स्मरणिका उघडली. आवाज चांगला होता, ठेक्यात वाचायची सवय होती.

“‘माज्या जल्मात असा टंचाई पडला न्हाई...’”

ते अडखळले. भोंग्यातून ते वाक्य माळावर गेलं आणि समोरच्या टेकडीवर आदळून परत आलं. कुणीतरी फिस्सकन हसलं. आणि उतरणीच्या अगदी पुढच्या बाजूला, डोक्यावरचा पदर सारखा करत, एक वाळकी म्हातारी उठून उभी राहिली.

“म्या असं न्हाई म्हनले!”

गहिनीनाथराव म्हणाले, “बसा आजी, बसा.”

“बसते की. पर म्या असं न्हाई म्हनले. मला काय बोलता येत न्हाई व्हय?”

मांडवातले पाहुणे पुढं झुकले. त्यांना गंमत वाटली असावी. त्यांनी खुर्चीतूनच विचारलं, “मग काय म्हणाला होता तुम्ही, आजी?”

“दुष्काळ!” रंगुबाई म्हणाली. “दुष्काळ म्हनले म्या. दुष्काळ पडलाय, दुष्काळ!”

मग उतरणीवरून दुसऱ्या एका बाईनं, बसल्या जागेवरून, तोच शब्द मोठ्यानं म्हटला. मग एका माणसानं. ज्यांना वाचता येत होतं त्यांनी हातातली पानं उलटायला सुरुवात केली. एकजण खड्या आवाजात वाचायचा, “एवढा मोठा टंचाई!” आणि अख्खी उतरण ओरडायची, “दुष्काळ!” तो पुढचं वाचायचा, “हा टंचाई सरला नाही तर!” आणि पुन्हा, “दुष्काळ!” छापलेल्या प्रत्येक ओळीत तो शब्द आपली जागा धरून बसला होता, फक्त तोंडातून यायचा राहिला होता. छबूबाईच्या शेजारी सहादेव उभा राहिला. महिन्यामहिन्यात शब्द न काढणारा माणूस, त्याच्या गळ्याच्या शिरा ताणल्या होत्या. तो ओरडत होता.

पाहुणे पोचलेले गृहस्थ होते. त्यांनी हात वर करून लोकांना शांत केलं, पाण्याच्या टँकरचं आश्वासन दिलं, आणि अख्ख्या भाषणात एकदाही दुष्काळ म्हणाले नाहीत आणि टंचाईही म्हणाले नाहीत. ‘ही परिस्थिती’ म्हणत राहिले.

गाड्या गेल्यावर गहिनीनाथराव टेम्पोपाशी आले. चेहरा काळवंडला होता. शेठ आधीच हात जोडून उभे होते.

“चूक झाली म्हणा,” गहिनीनाथराव म्हणाले. “जुळाऱ्याची चूक. मी तसं लिहून पाठवतो, विषय मिटेल.”

शेठ काही बोलणार तेवढ्यात छबूबाई पुढं आली. “चूक न्हाई. एक शब्द सुटला असंल तर दाखवा. मुद्दाम केलंय. आन् पुन्यांदा सांगितलं तर पुन्यांदा असंच करीन.”

“तुझं काम जाईल, बाई.”

“जाऊ द्या की. हितं खोरी लई पडलीत.”

आणि ती खरोखरच टेम्पोत चढली नाही. समितीची कामं दुसरीकडं जाऊ नयेत म्हणून शेठना तिला काढल्याचं सांगावं लागलं, तरी ती कामं गेलीच. भिंत झाली होती, पण सांडव्याचं खोदकाम चालू होतं. छबूबाईनं तिथं हजेरी लावली. पहिल्या आठवड्यात तिचे तळहात फुटले. गोडंतेल आता सहादेव चोळायचा. उन्हात माती वाहताना बाया हमखास विचारायच्या, “काय गं शिशाचे, कसा काय टंचाई?” आणि ती डोक्यावरचं घमेलं सावरत म्हणायची, “जोरात हाय.” स्मरणिका परत गोळा करायला समितीचा माणूस पालापालांतून फिरला. त्याला फार थोड्या मिळाल्या. ज्यांना वाचता येत नव्हतं त्यांनीही दिल्या नाहीत.

लगीनसराई आली तेव्हा शेठ स्वतः कामावर आले, छत्री घेऊन. नगरचा जुळारी ठेवला होता, पण त्यानं एका पत्रिकेत वधूच्या जागी वराचा बाप घातला होता.

“चला छबूबाई,” ते म्हणाले.

छबूबाईनं खोरं खाली ठेवलं नाही. “येते. पर ज्याच्या तोंडचं बोलनं, त्याला इचारल्याबिगर त्यातला शब्द म्या बदलनार न्हाई. कुनी बी सांगू द्या.”

शेठनी छत्री तिच्याही डोक्यावर धरली. “बरं,” ते म्हणाले. “मीही सांगणार नाही.”

पुढं निवडणूक आली आणि गहिनीनाथरावांची हँडबिलं त्याच छापखान्यात आली, कारण तालुक्यात इतक्या लवकर करून देणारं दुसरं कुणी नव्हतं. कच्चा छाप हातात घेऊन ते स्टुलावर बसले आणि पहिल्या ओळीपासून, एकेक शब्दावर बोट ठेवत, मोठ्यानं वाचायला लागले. पेटीपुढं उभी असलेली छबूबाई ऐकत होती. मध्येच त्यांनी मान वर केली आणि जरा ओशाळून म्हणाले, “वाचून घेतो. बरं असतं.”

“वाचा की,” छबूबाई म्हणाली. “वाचायलाच छापतो आमी.”